कोठारातला सांगावा

आदिनाथला काहीच टाकून देता येत नाही. त्याच्या टेबलाच्या खणात जळालेले चार्जर, कुठल्या कुठल्या किल्ल्या आणि झाकणं हरवलेली पेनं आहेत. विचारलं की म्हणतो, "असू दे, लागेल कधी." हे खणापुरतंच असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण हाच कारभार तो आमच्या कोठारात करायचा, आणि कोठार माझ्या ताब्यात होतं.

बीडमध्ये नगर रोडला एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी आहे. कंपनी म्हटल्यावर काचेच्या इमारती डोळ्यांसमोर आणू नका. दोन खोल्या, एक गच्ची आणि खालून दिवसभर येणारा फिजिक्सचा आरडाओरडा. आमचे प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालतात. म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात भरायचं, की तो डबा कुठल्याही सर्व्हरवर ठेवा, सारखाच चालतो. हा डबा ज्या साच्यातून निघतो त्याला इमेज म्हणतात. बाकीचे लोक या इमेजा इंटरनेटवर ठेवतात. आमचं इंटरनेट बसस्टँडवरच्या चौकशी खिडकीसारखं, कधी माणूस असतो, कधी नसतो. म्हणून आमच्या मालकांनी, युवराज सरांनी, आतल्या खोलीत एक मशीन बसवून कंपनीची स्वतःची, खासगी रजिस्ट्री केली. तिलाच आम्ही कोठार म्हणतो.

आता इमेज कशी बनवायची? लिहून ठेवलेल्या कृतीवरून. जगभर तशीच बनवतात. आदिनाथ मात्र चालू कंटेनरला हात लावायच्या आधी त्याची, आतल्या पसाऱ्यासकट, जशीच्या तशी नक्कल मारायचा आणि कोठारात ढकलून द्यायचा. त्या नकलांना नावंही तसलीच. असू-दे. असू-दे-नवीन. असू-दे-हात-लावू-नका. दर थोड्या दिवसांनी कोठार तुडुंब भरायचं आणि मी ती नावं पुसत बसायचे. दिंद्रुडला आमचं बी-बियाणांचं दुकान आहे, तिथं एक पुडी इकडची तिकडे झाली तर वडील घर डोक्यावर घेतात. तो स्वभाव माझ्यात पुरेपूर उतरलाय. आदिनाथला मी एकदा सगळ्यांदेखत भंगारवाला म्हटलं होतं, आणि त्याने ते मनावरसुद्धा घेतलं नाही, याचाच मला जास्त राग आला होता.

आम्ही चालवतो त्यातलं एक काम म्हणजे 'सांगावा'. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातली निम्मी गावं ऊस तोडायला जातात, कुणी सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. मागे राहतात म्हातारे आणि शाळेतली पोरं. फडात फोन लागत नाही, लागला तर घरचा उचलत नाही, उचलला तर गाडी भरायची वेळ झालेली असते. म्हणून सोय अशी की आमच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. यंत्र उलटा फोन करतं, निरोप बोलून घेतं आणि घरच्या नंबरवर पोचवतं. घरच्यांनी ऐकला नाही तर रोज संध्याकाळी परत फोन लावतं. 'तुमच्यासाठी सांगावा आलाय, ऐकायला एक दाबा' हा त्यातला आवाज माझा आहे. पैसे वाचवायला युवराज सरांनी मलाच बोलायला लावलं होतं.

फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी ऑफिस उघडून मी बसले होते, तर दारात एक म्हातारा-म्हातारी येऊन उभे राहिले. नातवाची फी भरायला आले असतील असं मला वाटलं.

"क्लास खाली आहे," मी मान वर न करता म्हटलं.

"क्लासला न्हाई आलो, माय," बाई म्हणाली. "सांगाव्याचं हापिस हेच का?" मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तूच व्हय ती? एक दाबा, एक दाबा म्हननारी?"

मला हसू आलं. मी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. बाईचं नाव बायनाबाई, आणि सोबत तिचे यजमान राधाकिशन. केजच्या पुढचं कुठलंसं गाव, तिथून जीपने केजला आणि केजवरून एसटीने बीडला. गावातल्या आशाताईने पत्ता दिला होता. राधाकिशनकाका उंच, हाडापेराने मोठा माणूस. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि फरशीकडे बघत बसले. बोलत होती ती बाईच.

त्यांची मुलगी वनमाला. दिवाळीत माहेरी आली होती, पोर अंगावरची, बाळंतपणातून उठून फार दिवस झालेले नव्हते. जावयाने कोयता ठरवलेला, म्हणजे नवरा-बायको दोघांनी तोडीला जायचं. राधाकिशनकाका म्हणाले, यंदा तू जाऊ नको. ती म्हणाली, टोळीत एकटा माणूस कोण घेतो, जोडीच लागते. शब्दाला शब्द लागला. काका म्हणाले, गेलीस तर बाप मेला समज. ती गेली. त्या दिवसापासून त्यांनी तिचा फोन घेतला नाही. घरात फोन एकच, आणि तो त्यांच्या खिशात.

"मंग तुमच्याकडचा याया लागला," बायनाबाई म्हणाली. "वनमालाचा सांगावा हाय, एक दाबा. मी म्हनायची, आवो दाबा की. ते म्हनायचे, तरसू दे दोन दिस. रोज वाजायचा, रोज..."

"मी तोडायचो," काका पहिल्यांदाच बोलले. "रोज तोडला मी."

"मंग वाजायचाच बंद झाला. आमाला वाटलं, तिनंच नाद सोडला. आन् रथसप्तमीला जावयाचा फोन आला. ताप डोक्यात गेलता म्हने. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तवर काई राहिलं नव्हतं."

मी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"आता हे रोज तुमचा नंबर लावत्यात," ती म्हणाली. "आन् तू रोज म्हनतीस, तुमच्यासाठी सांगावा न्हाई."

ते खरं होतं. तेही माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलेलं आहे, आणि तेव्हा मी ते अगदी गोड आवाजात म्हटलं होतं.

काकांनी मान वर केली. "बाई, शिव्या दिल्या असतील तरी चालतील. बाप न्हाई, वैरी हाय म्हनली असंल तरी चालंल. पर काय म्हनली, तेवढं ऐकायचंय. तुमच्या मशीनमंदी असंल की न्हाई?"

असायलाच हवं होतं. मी काकांचा नंबर टाकून नोंदी काढल्या. वनमालाचा निरोप संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आला होता. यंत्राने संध्याकाळी फोन लावला, पलीकडून तोडला. दुसऱ्या दिवशी लावला, तोडला. असं काही दिवस चाललं आणि मग एके दिवशी अचानक सगळं थांबलेलं. निरोपाची फाइल उघडायला गेले तर ती जागेवर नव्हती.

आदिनाथ तोवर आला होता. मी त्याला बोलावलं. त्याने माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं, तारीख वाचली, आणि खाली बसला. त्याच दिवशी त्याने सांगाव्याचा जुना कंटेनर काढून नवा चढवला होता. निरोप खरं म्हणजे कंटेनरच्या बाहेर, सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये साठायला हवे होते. ते फोल्डर कंटेनरला जोडणारी एक ओळ डिसेंबरमधल्या कुठल्याशा बदलात गळली होती. तेव्हापासून निरोप आतच साठत होते. जुना कंटेनर काढला आणि आतले न पोचलेले सगळे निरोप त्याच्याबरोबर गेले. नवे येत होते, पोचत होते, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"काय झालं?" बायनाबाईने विचारलं.

कसं सांगायचं ते आदिनाथला सुचेना. मग तोच म्हणाला, "मावशी, तुम्ही गेलात ना तोडीला? फडावर राहायला उसाच्या पाचटाची कोपी बांधायचात ना?"

"अर्धं आयुष्य कोपीतच गेलं की."

"फड संपला की कोपी मोडायची, पुढच्या गावाला तशीच दुसरी उभी करायची. तसंच असतं हे. मी जुनी कोपी मोडली आणि नवी उभी केली. पण आतलं सामान बाहेर काढायचं राहिलं."

तिला क्षणात कळलं. मोठमोठ्या कंपन्यांच्या मीटिंगमध्ये मी हे समजावताना घाम गाळलाय, पण इथे दुसरा शब्द लागला नाही. "म्हंजी पाचटासंगं जळून गेलं," ती एवढंच म्हणाली.

काका उठून उभे राहिले. टोपी डोक्यावर घातली. रागावले नाहीत, नुसते दाराकडे वळले. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. आणि मग आदिनाथ एकदम माझ्याकडे वळला.

"तेजश्री, असू-दे."

"काय असू दे?" मी खेकसले.

"अगं, बदलायच्या आधी मी नक्कल मारली होती. असू-दे-सांगावा. कोठारात टाकलीये."

ते नाव मी मागच्याच आठवड्यात पुसलं होतं. पण कोठारात नाव पुसलं म्हणून माल लगेच जात नाही. नाव नसलेला माल झाडून काढायचं काम वेगळं असतं आणि ते मी महिनाअखेरीला करते. माल अजून आत असणार होता, फक्त त्याला हाक मारायला नाव नव्हतं. प्रत्येक इमेजला नावाखेरीज एक लांबलचक खूणआकडाही असतो. तो माहीत असेल तर तेवढ्यावर ती काढता येते. आणि आदिनाथ तो आदिनाथच. त्या दिवशी कोठाराने दिलेली, तो आकडा असलेली पोचसुद्धा त्याने जपून ठेवली होती.

"काका, थांबा," मी ओरडले. "बसा जरा. कदाचित असेल."

कोठारातून इमेज निघाली, आम्ही ती चालवली. आत फोल्डर होतं, आणि फोल्डरात निरोप होते. कितीतरी घरांचे. कुणाकुणाचे, देव जाणे. ज्या घरांना आपल्याला निरोप आला होता हेच कधी कळणार नव्हतं त्यांचे. आदिनाथने ते सगळे आधी बाहेर काढून नव्या फोल्डरात ठेवले आणि पोचवायला लावले. एक तेवढा मागे ठेवला. त्याच्यावर राधाकिशनकाकांचा नंबर होता.

"सापडला," मी म्हटलं. माझ्या आवाजात आनंद होता, खरंच होता. आता त्याची लाज वाटते.

काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. ते उठले, परत बसले, परत उठले.

"पहिलं तू ऐक," ते बायकोला म्हणाले. "मी खाली थांबतो. ऐकण्यासारखं असंल तर हाक मार."

"आवो, इतक्या लांब आलाव ना..."

"मला व्हत न्हाई, बायने." आणि जिन्यावरून त्यांची पावलं खाली गेली.

मला तेव्हा त्यांची चीड आली, खरं सांगते. तेव्हा ऐकलं नाही, आणि आता समोर ठेवलंय तर पळून जातो हा माणूस. दर वेळी बाईनेच पुढं व्हायचं. मी हेडफोन पुढे केला, तो तिने बाजूला सारला. "त्यातलं मला उमगत न्हाई. मोठ्यानं लाव." मी लावला.

आधी वाऱ्याचा आवाज. कुठेतरी ट्रॅक्टर चालू. मग एक बाई खोकली, आणि बोलायला लागली.

"अण्णा. अण्णा, फोन ठिवू नका. मी वनी बोलतीय. ताप उतरना झालाय मला. लई दिस झाले. उबी राहिले की डोळ्याम्होरं अंधारी येतीय. ह्यांनी बंकट मुकादमाला सांगितलं, तर तो म्हनतो, गोळी घी आन् मोळ्या उचल. ह्यांचं ऐकत न्हाई तो. तुमचं ऐकल. तुमी त्याच्यासंगं इतकी सालं काढली, तुमचा एक फोन आला तर गाडी करून दिल तो मला. तुमी म्हनलेलं खरं झालं अण्णा, मी यायला नगं व्हतं. आता रागवू नका. बारकी अंगावर पितीय, तिला बी दूध कढत लागतंय, रडतीय. मी वाट बगते. आज न्हाई झालं तर उद्या करा. पर करा, अण्णा."

मग कुणीतरी तिला लांबून हाक मारली, आणि निरोप संपला.

आदिनाथ उठून गच्चीवर निघून गेला. खालच्या क्लासमध्ये पोरं एका सुरात कसलंसं सूत्र म्हणत होती. बायनाबाई हलली नाही. डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने पदर तेवढा तोंडात धरला होता. मग म्हणाली, "पुन्यांदा लाव."

मी लावला. या खेपेला ती वाकून पडद्याच्या अगदी जवळ गेली, तिथे मुलगी दिसणार असल्यासारखी. तिथे एक हिरवी रेघ वरखाली होत होती, बस.

"कवाचं हाय हे?"

मला खोटं बोलता आलं असतं. सुचलं नाही. "संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचं."

"आन् रथसप्तमीला गेली," ती म्हणाली. मधले दिवस तिने मोजले असतील. बोलून दाखवले नाहीत.

"मावशी," मी म्हटलं, "फोन वाजायचा बंद झाला तो आमच्यामुळे. आमच्या चुकीने. त्यात तुमचा दोष नाही."

तिने मान हलवली. "वाजला असता तरी त्यानं उचलला नसता. मी काय ओळखत न्हाई का त्याला?" मग थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पर वाजत राहिला असता तर एखांद्या दिवशी मी हिसकून घेतला असता. काय की. घेतला असता."

ती आम्हाला शिव्या देत नव्हती. तिला फक्त ते खरं वाटत होतं, आणि ते खरंही होतं.

"काकांना बोलावू?" मी विचारलं.

"नगं."

"पण त्यांना ऐकायचंय ना? त्यांच्यासाठीच तर आलात."

"नगं म्हनते ना, माय." तिने माझा हात धरला. तळव्याला कोयत्याचे घट्टे होते. "ते जेवत न्हाई. रातचं उठून बसतंय. हिरीकडं निघालं की मी वनीच्या लेकराला काखेत मारून मागं जाती. हे जर त्याच्या कानी पडलं तर ते माझ्या हाती लागायचं न्हाई."

आणि माझं डोकं फिरलं. मी तशीच आहे. "पडू द्या की कानावर!" मी म्हटलं. "तिने हाक त्यांना मारली होती. अण्णा, अण्णा करत होती ती. कळू द्या त्यांना काय केलं ते. तुम्ही एकट्यानेच का म्हणून हे घेऊन फिरायचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता त्या बघण्यात, उलट मीच काहीतरी पोरकट बोलले असं वाटायला लावणारी माया होती.

"तुजं खरं हाय," ती म्हणाली. "पर मला त्याच्यासंगंच घरी जायचं हाय, माय. वनीचं लेकरू आमच्यापाशी हाय. बारकीची आई गेली. आता आज्जाबी घालवू का?"

तिने पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे बोट केलं.

"हे पुसतंय का?" तिने विचारलं.

"पुसता येतं. पण एकदा पुसलं की मग कुणालाच काढता येणार नाही. आदिनाथलाही नाही, मलाही नाही. तुम्हाला पुढे कधी तिचा आवाज ऐकावासा वाटला तर?"

"ऐकला की आता."

"मावशी, नीट विचार करा."

"तुमच्या मशीनमंदी राहिलं तर कवातरी ते इथं येईल. मी नसताना येईल. आन् तू रागाची हायस. तू सांगून टाकशील."

खोटं नव्हतं. एवढ्या वेळात तिने मला बरोबर ओळखलं होतं. मी पुढ्यातला कीबोर्ड ओढला. कोठारातली ती इमेज, आम्ही आत्ता काढलेली तिची प्रत, ती मागे ठेवलेली फाइल, आणि त्यानंतर महिनाअखेरीची झाडलोट, सगळं एकामागून एक एका दमात होईल असं लिहिलं. आदिनाथ गच्चीवरून परत येऊन दारात उभा होता. पडद्यावर काय लिहिलंय ते त्याने वाचलं. "असू दे ना, तेजश्री," तो म्हणाला, "मी कुठेतरी..." आणि बाईच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसला. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटत होतं की त्याने माझ्याशी भांडावं, हात धरून अडवावं.

"कुटलं बटन?" बायनाबाईने विचारलं.

"मी दाबते."

"तुज्या हातनं नगं. आई मी हाय." मी एंटरवर बोट दाखवलं. तिने हात पदराला पुसला आणि बटन दाबलं. जोरात दाबलं, घरच्या जुन्या फोनचं दाबतात तसं, आणि बोट तसंच धरून ठेवलं. पडद्यावर ओळी पळत गेल्या आणि थांबल्या.

"गेलं?"

"गेलं."

तिने चूळ भरायला पाणी मागितलं. तोंड धुतलं, पदराने कोरडं केलं, कुंकू नीट केलं. जिना उतरताना मी तिला धरून गेले. पण शेवटच्या पायरीवर तिने माझा आधार सोडला आणि एकटी चालू लागली.

काका समोरच्या चहाच्या गाड्याजवळ उभे होते. तिला बघून रस्ता ओलांडून जवळजवळ धावतच आले.

"काय म्हनली?"

"राग न्हाई म्हनली," बायनाबाई म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "अण्णाचा मला राग न्हाई म्हनली. सीजन झाला की येते म्हनली. तुमी येळेवर जेवा म्हनली."

काकांचं तोंड वेडंवाकडं झालं. भर रस्त्यात, मोटारसायकलींच्या गर्दीत तो एवढा थोरला माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. "म्हनली? जेवा म्हनली?"

"हां."

"माझी बाय ती," ते म्हणत राहिले, "माझी बाय." मग डोळे पुसून जिन्याकडे निघाले. "चल. मला ऐकू दे. आता ऐकतो मी."

"आवो, गेलं ते."

"गेलं म्हंजी?"

"माझ्या हातनं बटन दाबलं गेलं. पुसलं."

काका जागच्या जागी थांबले. आधी त्यांना कळलंच नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, परत निघंल की. मगाशी काढलंच ना तुमी?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. अण्णा, तिने तुम्हाला हाक मारली होती. अण्णा, ती वाट बघत होती. त्यांच्या मागे उभी राहून बायनाबाई माझ्याकडे बघत होती, नुसती बघत होती.

"नाही काका," मी म्हटलं. "आता नाही निघायचं."

मग त्यांचा तोल गेला. "कावून हात लावला तू?" ते तिच्यावर ओरडले. "तुला कळतंय का त्यातलं? लेकीचं शेवटचं बोलनं व्हतं ते! माझ्यासाठी बोलली व्हती ती, आन् तू पुसून बसलीस? जलमात एक काम धड केलं न्हाई तू!" क्लासची पोरं दप्तरं घेऊन थांबून बघायला लागली. चहावाल्याने किटली खाली ठेवली. "मी एवढ्या लांबनं आलो, आन् तू..."

"चुकलं माझं," बायनाबाई म्हणाली.

"चुकलं म्हनून येतंय का ते परत?"

"न्हाई येत."

"अडानी ती अडानीच!"

"हां," ती म्हणाली. "चला, केजची गाडी निघंल."

ते पुढे चालायला लागले, रडत आणि बोलत, मधेच थांबून मागे वळून तिला आणखी काहीतरी सुनावत. ती मागून जात होती. प्रत्येक वेळी मान हलवून हो म्हणत होती. वळणापर्यंत मला त्यांचा आवाज येत होता. मी रस्त्याच्या कडेला तशीच उभी होते, दातांवर दात दाबून, आणि सगळ्या बीडला ऐकू जाईल असं ओरडायची माझी इच्छा मी गिळत होते.